आमिश लोकांचा फोन शेताच्या कडेला का असतो, आणि आपल्या मंडळीने त्यातून काय घ्यावं

मागच्या कापणीच्या सणाला आमच्या चर्चच्या आवारात जे झालं तिथूनच सुरू करते, कारण या विषयावर विचार करायला मला त्या दिवसाने लावलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, आमच्या नगरकडच्या बऱ्याच मंडळ्यांत वर्षातून एकदा लोक शेतातलं, घरातलं जे असेल ते देवासमोर आणून ठेवतात, बाजरीची कणसं, भोपळा, अंडी, एखादी कोंबडी, घरचं लिंबाचं लोणचं, आणि उपासना संपली की बाहेर झाडाखाली त्याचा लिलाव होतो. ५० रुपयांचा भोपळा ५०० ला जातो, घेणारा तो परत टेबलावर ठेवतो, मग पुन्हा बोली, असा एकच भोपळा तीन-तीनदा विकला जातो आणि शेवटी ज्यांच्या घरी लग्न असेल त्यांच्याकडे जातो. पोरं ओरडत असतात, सासू-सुना एकमेकींच्या वरचढ बोली लावतात.

मागच्या वर्षी तरुण संघातल्या एका मुलाने पुण्याला आणि दुबईला असलेल्या आपल्या लोकांना व्हिडिओ कॉल लावला, मोबाईल स्टँडवर टेबलासमोर उभा केला, आणि फोनवरून बोली यायला लागल्या. लोणच्याची बरणी ३,००० ला गेली. एकूण पैसे नेहमीच्या कितीतरी पट जमले आणि छपराचं काम अडलं होतं ते सुटलं, त्याबद्दल देवाचे आभारच. पण अर्ध्या तासात मी बघितलं तर आवारातला आवाज बसला होता. दरवर्षी स्वतःच आणलेली कोंबडी भांडून भांडून परत विकत घेणारे आमचे एक आजोबा, त्यांनी १५० म्हणायला हात वर केला तेवढ्यात फोनमधून १,००० आलं, आजोबांनी हात खाली घेतला, थोडा वेळ बसले आणि काठी घेऊन घरी निघून गेले. नंतरचं जेवणही त्यांनी घेतलं नाही.

यात कोणाचंच काही चुकलं नाही. पोराने प्रेमानेच केलं, लांबच्यांनी प्रेमानेच दिलं. आणि तरी काहीतरी गेलं, आणि ते काय गेलं हे सांगायला आमच्याकडे शब्दच नव्हते, कारण मोबाईलबद्दल चर्चमध्ये आपण आजवर फक्त दोनच वाक्यं ऐकत आलोय, एक म्हणजे मोबाईलमुळे पिढी बिघडली, आणि दुसरं, काळाबरोबर चाललं पाहिजे. दोन्ही वाक्यं त्या आजोबांच्या काही कामाची नाहीत.

म्हणून मी जरा वाचायला लागले, आणि वाचता वाचता जाऊन पोचले अमेरिकेतल्या आमिश लोकांपर्यंत.

आमिश म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर घोडागाडी, काळे कोट, दाढीवाले बाप्ये आणि डोक्याला पांढरी टोपी बांधलेल्या बाया येतात, आणि आपल्याला वाटतं की या लोकांनी सगळं तंत्रज्ञान पाप म्हणून फेकून दिलंय. तसं अजिबात नाहीये. हे लोक मूळचे युरोपातले. १५२५ च्या जानेवारीत स्वित्झर्लंडच्या झ्युरिकमध्ये काही विश्वासणाऱ्यांनी मोठेपणी, समजून उमजून पुन्हा बाप्तिस्मा घेतला, त्यातून जी ॲनाबॅप्टिस्ट चळवळ सुरू झाली तिचा हा एक फाटा. १६९३ च्या आसपास याकोब अम्मान नावाच्या पुढाऱ्याच्या मागे काही लोक वेगळे झाले, त्याच्यावरून हे नाव पडलं. छळ झाला म्हणून अठराव्या शतकात ते अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात येऊन राहिले, आणि आज तिकडे त्यांची संख्या जवळपास ४ लाख आहे.

त्यांच्याकडे चर्चची इमारत नसते, हे आधी नीट लक्षात घ्या कारण पुढचं सगळं यावरच उभं आहे. एक रविवार आड उपासना होते, आणि ती कोणाच्या तरी घरी, नाहीतर गोठ्याच्या वरच्या मोठ्या जागेत होते. बाकडी एका गाडीत भरलेली असतात, ती गाडी या घरून त्या घरी फिरत राहते. साधारण २० ते ४० कुटुंबांची एक मंडळी, म्हणजे एका घरात मावतील एवढीच. माणसं वाढली की मंडळी दोन करायची. त्यामुळे सगळी मंडळी घोडागाडीने पोचता येईल एवढ्या अंतरातच राहते. आता यात एक मोटार घाला. मोटार आली की माणूस ४० किलोमीटरवर राहायला जाऊ शकतो, कामाला १०० किलोमीटर जाऊ शकतो, आणि बाकड्यांची गाडी त्याच्या घरापर्यंत पोचत नाही. म्हणून त्यांनी मोटार मालकीची ठेवायची नाही असं ठरवलं. पण मोटारीत बसायला मनाई नाही! दवाखान्यात जायचंय, लांबच्या लग्नाला जायचंय, तर ड्रायव्हरसकट गाडी भाड्याने घेतात. बाहेरच्या माणसाला हा ढोंगीपणा वाटतो आणि मलाही पहिल्यांदा वाटला होता, पण मोटार वापरणं आणि मोटारीने आपलं गाव विस्कटून टाकणं यातला फरक त्यांनी बरोब्बर पकडलाय.

फोनचं तर अजूनच बघण्यासारखं आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टर भागात काही आमिश घरांत फोन आले होते. तेव्हा एकाच तारेवर बरीच घरं असायची, त्यामुळे एकाचं बोलणं दुसरा ऐकायचा आणि चुगल्या व्हायच्या. पुढाऱ्यांनी बघितलं की लोक भेटायला जायचं कमी करतायत, आणि बोलणं झालं तरी समोरच्याचा चेहरा दिसत नाही, म्हणून घरातला फोन बंद केला. यावरून भांडणं झाली, १९१० च्या सुमारास तिथल्या जवळपास पाचव्या हिश्श्याने वेगळी वाट धरली, कारणं दुसरीही होती पण फोन त्यातलं एक. मग पुढे डॉक्टरला बोलवायचं तर काय, म्हणून त्यांनी फोन शेताच्या कडेला, बांधाजवळ एका छोट्या टपरीत ठेवला. चार-पाच घरांत मिळून एक. आत एक स्टूल, एक वही, कोणी किती कॉल केले ते लिहायला. फोन करायचा तर उठून, चपला घालून, पावसात भिजत तिथपर्यंत जायचं. फोन आहे, पण तो जेवणाच्या टेबलावर नाही.

विजेचंही तसंच आहे. बाहेरून येणारी तार घरात घ्यायची नाही, पण बॅटरी चालते, डिझेल इंजिनावर हवा दाबून त्या हवेवर सुतारकामाची मशीन चालतात, आता तर बऱ्याच ठिकाणी सोलर पॅनल दिसतात. कारण त्यांचा आक्षेप विजेला नव्हताच, त्या तारेतून घरात जे जे पाठोपाठ येतं त्याला होता. आणि लँकेस्टरमध्ये सायकल नाही पण पायाने ढकलायची स्कूटर आहे, कारण सायकलने पोरं फार लांब जातात. ऐकायला गंमत वाटते, पण यांच्या प्रत्येक नियमामागे माणसं एकमेकांपासून किती लांब जातील याचं माप आहे.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट दुधाची आहे, आपल्याकडचे दूधवाले लोक ही लगेच समजतील. १९६० च्या दशकाच्या शेवटी शेवटी तिकडच्या दूध कंपन्या म्हणाल्या की आता कॅनमधलं दूध घेणार नाही, प्रत्येकाने गोठ्यात थंड टाकी, म्हणजे आपण बल्क कूलर म्हणतो तो, बसवला पाहिजे. त्याला वीज लागते. आणि टँकर रविवारीही येणार. आता आमिश शेतकऱ्याचं पोट दुधावर, नाही म्हणावं तर शेतीच जाते आणि माणसं कारखान्यात जातात, हो म्हणावं तर तार आत येते आणि प्रभूचा दिवस जातो. त्यांच्या बिशपांनी कंपनीच्या माणसांबरोबर बसून बोलणी केली. टाकी बसवू, पण ती डिझेल इंजिनावर थंड करू, दूध ढवळायचा पंखा १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालवू, आणि रविवारी दूध न्यायला यायचं नाही. कंपन्या तयार झाल्या. विचार करा, यंत्राला आपल्या घरात यायचं असेल तर आपल्या अटींवर ये असं म्हणायची ताकद एकट्या शेतकऱ्यात नसते. ती मंडळीत असते, कारण हजार कॅन एकदम बंद व्हायची भीती कंपनीलाही असते.

हे नियम ठरतात कसे? त्यांच्या भाषेत याला ओर्डनुंग म्हणतात, म्हणजे आपण म्हणू घडी किंवा शिस्त. बहुतेक ठिकाणी ती लिहिलेलीसुद्धा नसते. वर्षातून दोनदा, वसंतात आणि पानगळीच्या दिवसांत, प्रभुभोजन होतं, आणि त्याच्या आधी सगळी मंडळी एकत्र बसते, घडी पुन्हा एकदा बोलून दाखवली जाते, आणि प्रत्येक बाप्तिस्मा घेतलेल्या माणसाला, बायकांनाही, विचारलं जातं की तुमचं सगळ्यांशी जमलंय ना, मान्य आहे ना. जमलं नसेल तर प्रभुभोजन पुढे ढकलतात. मी हे वाचलं आणि पुस्तक बाजूला ठेवून जरा वेळ बसून राहिले. कूलर बसवायचा की नाही हा प्रश्न त्यांच्याकडे भाकर आणि द्राक्षरसाच्या मेजेशी जोडलेला आहे. आपल्याकडे वायफायचा प्रश्न कमिटीच्या मीटिंगमध्ये 'इतर विषय' या सदरात येतो.

सगळं गोड आहे असं मी म्हणणार नाही. मुलांची शाळा आठवीला थांबते, यावर अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात १९७२ साली केस होऊन निकाल त्यांच्या बाजूने लागला, पण ज्या मुलीला पुढे शिकायचंय तिचं काय हा प्रश्न राहतोच. पुढारी फक्त पुरुष. बाप्तिस्मा घेऊन नंतर नियम मोडला तर वाळीत टाकतात, आणि वाळीत टाकणं म्हणजे काय हे महाराष्ट्रात वेगळं सांगायला नको, आपण त्याविरुद्ध कायदाच केलाय. घरातल्या अत्याचाराच्या गोष्टीही दाबल्या गेल्याचं समोर आलंय, आणि तिथे फोन बांधावर असणं हे पीडित बाईसाठी संकटच आहे. म्हणून माझं म्हणणं त्यांच्यासारखं जगा असं नाहीच, त्यांची एक सवय, फक्त एक, आपण उचलावी.

आणि ते विज्ञानाच्या विरुद्ध नाहीत याचा सगळ्यात मोठा पुरावा लँकेस्टर भागातल्याच स्ट्रासबर्ग गावात उभा राहिला. आपसातच लग्नं होत असल्यामुळे त्यांच्यात काही आनुवंशिक आजार जास्त दिसतात, बाळ चांगलं हसतं खेळतं असतं आणि एका तापात कायमचं अपंग होतं. १९८९ मध्ये होम्स मॉर्टन नावाच्या डॉक्टरांनी तिथे या मुलांसाठी दवाखाना सुरू केला, आणि त्याची लाकडी इमारत आमिश आणि मेनोनाइट (त्याच ॲनाबॅप्टिस्ट चळवळीचा दुसरा फाटा) लोकांनी स्वतः येऊन उभी केली, एकमेकांचा गोठा उभारतात तशी. आत जनुकांची तपासणी व्हायची, आणि बाहेर घोडे बांधलेले असायचे. त्यांना हे विसंगत वाटत नाही कारण त्यांनी नवं-जुनं असं कधी मोजलंच नव्हतं.

आता शास्त्रात काय आहे ते थोडं बघू, कारण आमच्या तरुण संघात पहिला प्रश्न हाच आला की पवित्र शास्त्रात मोबाईल कुठे आहे. मोबाईल नाही, पण डांबर आहे. उत्पत्तीच्या ११ व्या अध्यायात बाबेलचा बुरूज बांधणाऱ्यांनी दगडाऐवजी भाजलेल्या विटा घेतल्या आणि चुन्याऐवजी डांबर, म्हणजे त्या काळचं नवंकोरं तंत्रज्ञानच. कशासाठी, तर आपलं नाव करायला. आणि निर्गमच्या दुसऱ्या अध्यायात मोशेची आई लव्हाळ्याच्या पेटीला डांबर लावते आणि तीन महिन्यांचं बाळ त्यात ठेवून नदीकाठी सोडते. तेच डांबर. एकीकडे गर्वाचा बुरूज, दुसरीकडे राजाच्या हुकुमापासून वाचवलेलं लेकरू. मला वाटतं तंत्रज्ञानावरचा यापेक्षा चांगला उपदेश कोणी करू शकणार नाही.

दुसरी जागा आहे योहानाचं दुसरं पत्र, अगदी छोटं, एका पानाचं. त्याच्या शेवटी तो म्हणतो की लिहायचं पुष्कळ आहे पण कागद आणि शाईने लिहावंसं वाटत नाही, तुमच्याकडे येऊन तोंडोतोंड बोलायची आशा आहे, म्हणजे आपला आनंद पूर्ण होईल. गंमत अशी की हे सुद्धा त्याने कागद-शाईनेच लिहिलंय. म्हणजे पत्र लिही, जरूर लिही, ते नसतं तर आपल्याला आज काय मिळालं असतं, पण पत्र हे भेटीच्या वाटेवरचं आहे, भेटीच्या जागी नाही. आमच्या पाळकसाहेबांना मी हे दाखवलं तेव्हा ते म्हणाले, ताई, म्हणजे यूट्यूब हे दुसरं योहान आहे. हो, तेवढंच आहे, आणि ते कमी नाहीये.

आणि आपण मराठी ख्रिस्ती लोकांनी तर यंत्राला नावं ठेवूच नयेत कारण आपण यंत्रातून वाढलोय. फादर थॉमस स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये गोव्यात रायतूरला छापलं तेव्हा छपाईचे देवनागरी खिळे नव्हते म्हणून ते ओवीबद्ध मराठी रोमन लिपीत छापावं लागलं, भाषा आपली, अक्षरं परकी, तरी लोकांनी ते गायलं. १८१३ ला मुंबईत आलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांनी थोड्याच वर्षांत छापखाना काढला, १८४२ पासून ज्ञानोदय हे नियतकालिक निघायला लागलं, आणि या मिशनच्या छापखान्यात काम शिकलेले गणपत कृष्णाजी पुढे स्वतःचा छापखाना काढून पंचांग छापायला लागले, म्हणजे आपल्या यंत्राचा उपयोग सगळ्या मराठी समाजाला झाला. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हिब्रू आणि ग्रीकवरून सगळं शास्त्र मराठीत आणलं, आणि ते तिथल्याच छापखान्यात तिथल्या बायकांनी खिळे जुळवून छापलं. ज्या बायकांना घराने टाकलं होतं त्यांच्या हातात खिळे! रमाबाई ५ एप्रिल १९२२ ला गेल्या, शेवटपर्यंत मुद्रितं तपासत होत्या. आणि आपली पेटी, जिच्याशिवाय भजन होत नाही, ती सुद्धा युरोपातून आलेलं यंत्रच आहे, आपण तिला जमिनीवर बसवलं, एका हाताने भाता मारायला शिकवलं आणि आता ती आपली आहे. नारायण वामन टिळकांच्या काळापासून टाळ-मृदंगाबरोबर ती चर्चमध्ये बसते, कोणी हरकत घेत नाही.

म्हणजे यंत्राला आपलं करता येतं, फक्त तेवढा वेळ आणि तेवढी चर्चा लागते. मोबाईलच्या बाबतीत तो वेळ मिळाला नाही. २०२० च्या मार्चमध्ये लॉकडाऊन लागला, १० एप्रिलला उत्तम शुक्रवार आला, आणि वधस्तंभावरचे सात उद्गार आम्ही सात घरांतून सात जणांनी मोबाईलवर सांगितले. तेव्हा दुसरा रस्ताच नव्हता आणि त्या दुपारी मी रडले होते, चांगल्या अर्थाने. पण जे संकटात आलं ते संकट गेल्यावर तसंच राहिलं आणि कोणी विचारलंच नाही की आता याचं काय करायचं. लाईव्ह उपासना चालू आहे. त्यावर माझं मत स्पष्ट आहे, बंद करू नका. पॅरॅलिसिस झालेल्या ज्या बाई चार वर्षं खाटेवर आहेत त्यांच्यासाठी तो रविवारचा एक तास म्हणजे श्वास आहे. पण आम्ही मोजलं तर बघणाऱ्यांत खाटेवरचे तीन होते आणि धडधाकट, गल्लीतच राहणारे बरेच जास्त. आणि वाईट हे की ऑनलाईन बघतायत ना म्हणून त्या बाईंकडे जाणं आमचंच कमी झालं. फोन आल्यावर लोक भेटायला जाईनासे झाले म्हणून त्या लँकेस्टरच्या लोकांनी शंभराहून जास्त वर्षांपूर्वी जी काळजी केली ती हीच होती.

आता दानाचं. यूपीआय २०१६ ला आलं आणि आता भाजीवालीकडेही कोड आहे, तर चर्चमध्ये का नको, सोयीचं आहे, हिशोब चोख राहतो, रोख पैशात जे घोळ व्हायचे ते थांबतात, हे सगळं मान्य. आमच्या ओळखीच्या एका मंडळीत दानपेटीजवळ कोड लावला आणि त्याबरोबर ते बोलणारं छोटं यंत्रही ठेवलं, दुकानात असतं तसं. अर्पणाचं गीत चालू आणि मध्येच मोठ्याने, ५०० रुपये मिळाले. २,००० रुपये मिळाले. आणि रांगेत एक म्हातारी, रुमालाची गाठ सोडून १० ची चुरगळलेली नोट काढतीये. मार्कच्या १२ व्या अध्यायातली विधवा दोन टोल्या, म्हणजे अगदी छोटी नाणी, टाकते ते येशूने बघितलं म्हणून आपल्याला कळलं, पण ते बघणं वेगळं आणि स्पीकरवर सांगणं वेगळं. डाव्या हाताला कळू नये असं जे दान, ते आता सगळ्या चर्चला, बँकेला आणि कंपनीला कळतं. यंत्र ठेवणाऱ्याच्या मनात काही वाईट नव्हतं, ते कोडाबरोबर फुकट मिळालं होतं एवढंच. पण फुकट मिळालेल्या वस्तूलाही आपल्याकडे काय करायचंय ते विचारायला हवं.

व्हॉट्सॲपबद्दल मला माझं स्वतःचं सांगायचंय. आमच्या प्रार्थनेच्या ग्रुपमध्ये १८० जण आहेत. एका मुलीला गर्भपिशवीचा त्रास निघाला, तिच्या आईने मला एकटीला सांगितलं, प्रार्थना कर म्हणाली, आणि मी चांगल्या मनाने, नाव न घेता पण गल्ली आणि वय लिहून, ग्रुपवर टाकलं. दुसऱ्या दिवशी ते तिच्या सासरी पोचलं होतं. पुढचं लिहीत नाही. पूर्वी महिला मंडळात १२ जणी जमिनीवर बसून प्रार्थना करायचो तेव्हाही बाहेर गोष्टी जायच्या, नाही असं नाही, पण सांगणारीला समोरची १२ तोंडं दिसायची आणि काय सांगायचं काय गिळायचं ते तिला कळायचं. ग्रुपमध्ये तोंडं दिसत नाहीत. आता आम्ही ग्रुपवर फक्त 'एका बहिणीसाठी प्रार्थना' एवढंच टाकतो, देवाला पत्ता माहीत आहे, आणि बाकीचं दोघी जणी घरी जाऊन ऐकतात.

एआयचं थोडक्यात सांगते, कारण याच्यावर सगळीकडे खूप चाललंय. ८ मे २०२५ ला निवडून आलेल्या नव्या पोपनी लिओ हे नाव घेतलं आणि दोनच दिवसांनी कार्डिनल लोकांना सांगितलं की तेराव्या लिओंनी १८९१ मध्ये कारखान्यातल्या कामगारांचा प्रश्न हातात घेतला होता, तसा आता एआयमुळे माणसाच्या कामाचा आणि सन्मानाचा प्रश्न पुढे आहे म्हणून हे नाव. आमची मंडळी प्रोटेस्टंट, पण हे मला पटलं, कारण प्रश्न भजनाचे बोल मशीनने लिहिले तर चालतील का यापुरता नाहीये, ऑफिसात टायपिंग करून घर चालवणाऱ्या आपल्याच बहिणीचा आहे. उपदेशाबद्दल म्हणाल तर, एखाद्या हिब्रू शब्दाचा अर्थ शोधायला, संडे स्कूलचा धडा सोपा करायला पाळकाने वापरावं, मला चालेल. पण शुक्रवारी ज्याने कबरस्तानात आमच्याबरोबर माती टाकली, रविवारी त्यानेच बोललेलं मला ऐकायचंय, अडखळत बोलला तरी.

आणि एक गोष्ट जी आपण चर्चमध्ये कधीच बोलत नाही. हा फोन येतो कुठून? बॅटरीतलं कोबाल्ट जगात निम्म्याहून जास्त एका काँगो देशातून येतं, तिथे हाताने खणणाऱ्यांत लहान मुलंही सापडली आहेत. शेजारी कोण हा प्रश्न येशूने सांगितलेल्या, वाटेतल्या जखमीला मदत करणाऱ्या शोमरोनी माणसाच्या गोष्टीत रस्त्यावरच संपायचा, आता तो खिशापर्यंत आलाय. पोप फ्रान्सिसनी २०१५ च्या पृथ्वीबद्दलच्या पत्रात वापरा-फेका या सवयीवर जे लिहिलं ते मला तरी फोनलाच जास्त लागू वाटतं. मी एवढंच करू शकले की जुना फोन दुरुस्त करून पाच वर्षं चालवतीये, आणि आमच्या चर्चने कपाटात पडलेले बंद फोन, चार्जर गोळा करून ई-कचरा घेणाऱ्यांकडे दिले, दोन पोती भरली. छोटंच आहे, पण पोती उचलताना बघणाऱ्यांना धक्का बसला.

मग आमिशांची कुठली सवय घ्यायची म्हणते मी? वस्तू आत येण्याआधी एकत्र बसून विचारायची. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या १५ व्या अध्यायात यरुशलेमेत सगळे बसले, पेत्र बोलला, पौल-बर्णबा बोलले, लोक गप्प राहून ऐकत होते, आणि शेवटी पत्रात लिहिलं की पवित्र आत्म्याला आणि आम्हाला योग्य वाटलं. आम्हाला, मला नाही. आज प्रत्येक जण आपापल्या फोनबद्दल एकटा ठरवतो आणि एकटा हरतो, कारण समोर हजारो हुशार इंजिनिअर बसलेत ज्यांचं कामच आपल्याला स्क्रीनवर धरून ठेवणं हे आहे. एका आईने आपल्या मुलाला दहावीपर्यंत फोन नाही म्हटलं तर ती आई वाईट ठरते. तीस घरांनी मिळून म्हटलं तर मुलंही ऐकतात, कारण मग कोणीच एकटं पडत नाही.

आम्ही फेब्रुवारीत हे करून बघितलं. प्रभुभोजनाच्या आदल्या शनिवारी, चहा-पोह्यावर, साधारण ४० माणसं. पाळकसाहेबांनी कोणालाही फोन चांगला की वाईट असं बोलू दिलं नाही, फक्त एवढंच विचारलं की गेल्या वर्षात फोनमुळे आपल्यातलं कोण जवळ आलं आणि कोण लांब गेलं, नाव घेऊन सांगा. पहिली दहा मिनिटं कोणी बोललं नाही. मग खाटेवरच्या बाईंच्या सुनेने सांगितलं, मग दुबईहून बोली लावणाऱ्याच्या आईने, आणि मग कोपऱ्यातून आजोबा म्हणाले, मला माझी कोंबडी घेता आली नाही. तो व्हिडिओ कॉलवाला मुलगा तिथेच बसला होता, त्याला हे माहीतच नव्हतं. तो उठून त्यांच्याशेजारी जाऊन बसला.

दोन-तीन गोष्टी ठरल्या, एका वर्षासाठी, नंतर पुन्हा बसायचं. दानाचा कोड राहील, पण दाराबाहेर आणि मुका. लाईव्ह राहील, पण जे बघतात त्यांच्या घरी महिन्यातून एकदा दोघांनी जायचं, त्याची यादी दाराजवळच्या फळ्यावर. आणि लिलावात लांबच्या माणसाला बोली लावायची असेल तर त्याने आवारातल्या कोणाला तरी आदल्या दिवशी फोन करून सांगायचं, त्याच्यातर्फे तो माणूस उभा राहून, तोंडाने, सगळ्यांसमोर बोली लावेल. पैसे कमी जमतील असं खजिनदार म्हणाले, जमतीलही कदाचित. त्या मुलाने आजोबांना विचारलंय की यंदा दुबईवाल्या भावातर्फे तुम्ही उभे राहाल का, आणि आजोबा म्हणालेत, राहीन, पण कोंबडीच्या वेळी मी माझ्यातर्फे.